डर्मटचं बोट आणि कॉलमचा गळा

आज दुपारी बाल्कनीच्या दाराखाली ओला टॉवेल दाबला, खिडकीच्या फटींवर चिकटपट्टी लावली, आणि मग लक्षात आलं की सरायात सुरू झाले. हिवाळा संपलाय आणि उन्हाळा अजून पुरता आलेला नाही, अशा मधल्या काही आठवड्यांना कुवेतमध्ये हे नाव आहे. सकाळ चांगली निळी असते. दुपारी आकाश भाजलेल्या रव्याच्या रंगाचं होतं, वारा समुद्राकडून येतोय की वाळवंटाकडून हे कळेनासं होतं, मग धूळ, मग गडगडाट, आणि शेवटी चार थेंब, तेही चिखलाचे. पाऊस म्हणायला लाज वाटावी असा पाऊस. दुसऱ्या दिवशी आमच्या अबू हलीफातल्या सगळ्या इमारतींखाली ठिपके पडलेल्या गाड्या उभ्या, आणि गाड्या धुणाऱ्याला फोन लागत नाही.

ऋतू बदलला की लोकांना म्हणे काहीतरी आठवून गलबलून येतं. मला फडकं आठवतं. एसीच्या जाळ्या काढा, पडदे उतरवा, बरण्यांच्या झाकणांवरून बोट फिरवा. बोटाला पीठ लागतं, कुणीच न दळलेलं. पण या पुसापुशीत दरवर्षी दोन आयरिश माणसं डोक्यात येऊन बसतात, आणि ती काही फडक्यानं जात नाहीत. म्हणून वैतागून लिहूनच काढतेय.

मागच्या शुक्रवारी मी आणि प्रकाश, म्हणजे माझा नवरा, समुद्रकाठच्या त्या हॉटेलात चहाला गेलो होतो. लॉबीत जिथे ते दोघं उभे राहायचे तिथे आता खजुराचं प्लास्टिकचं झाड ठेवलंय, आणि गाणी छतातून येतात. कोण गातंय, का गातंय, काही पत्ता नाही. कुणाला फरक पडत नव्हता. तसा तो तेव्हाही पडत नव्हता. डर्मट आणि कॉलम बाटलीच्या हिरव्या रंगाची एकसारखी जाकिटं घालून उभे असायचे. डर्मटच्या छातीवर अकॉर्डियन, म्हणजे आपली पेटी उभी करून गळ्यात बांधावी तसं वाद्य, आणि कॉलमच्या हातात माईक. समोर लोक केक कापताहेत, मुलांना दटावताहेत, फोनवर घरमालकाशी हुज्जत घालताहेत. गाणं संपलं की कॉलम वाकून "थँक यू" म्हणायचा, जणू टाळ्या पडल्या.

प्रकाश मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत कामाला आहे. कॉलम हे नाव ऐकल्याबरोबर तो म्हणाला, "एक कॉलम, मग दुसरा बीम." झालं. आमच्या घरात आणि पुढे सगळ्या मराठी मंडळात ते दोघं कॉलम-बीम झाले. त्यांच्या जोडीला खरं तर त्यांच्या गावच्या नदीचं नाव होतं. ते मला कधीच नीट उच्चारता आलं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मुख्यतः हातांची. मूळची मिरजेची. मिरजेची म्हटलं की लोक विचारतात, "मग गाणं असेलच!" नाही. आमच्या गल्लीत सकाळी तंबोरे जुळवायचे आवाज यायचे आणि मला त्यातलं एवढंच कळायचं, की अजून जुळलेला नाही. माझ्या कानाला ना सूर कळतो ना ताल. बोट मात्र कळतं. कोणतं बोट कुठे अडतंय हे मी लांबून सांगू शकते.

रमजानात हॉटेलांतलं गाणंबजावणं बंद असतं. त्या रिकाम्या महिन्यात डर्मट आमच्या दवाखान्यात आला, खांदा दाखवायला. साठीकडे झुकलेला, लालसर, हाडापेराने दणकट. त्याचं इंग्रजी असं, की शब्द तोंडात अर्धे विरघळवून मगच बाहेर सोडल्यासारखे. खांदा खरंच आखडला होता. पण मी त्याला उजवा तळवा टेबलावर सपाट ठेवायला सांगितला आणि तो ठेवता येईना. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वाकलेलं, आणि तळव्याच्या कातडीखाली दोरी ओढून धरावी तसा ताठ पट्टा.

"हे कधीपासून?"

"खांदा ना? या हिवाळ्यापासून."

"मी हाताचं विचारतेय."

"हात ठीक आहे."

"ठीक असता तर टेबलाला लागला असता."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. धूळ होती आणि पार्किंग होतं.

उत्तर युरोपातल्या गोऱ्या लोकांत हा आजार घराण्यातून येतो. दुखत नाही, हीच त्याची वाईट खोड. बोटं हळूहळू मिटत जातात, आणि दुखत नाही म्हणून माणूस कुणाला दाखवत नाही. व्यायामानं ती सरळ होत नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आमच्याकडचे सर्जन सुईनं तो पट्टा आतल्या आत कापतात. हात तेवढाच बधिर करायचा, त्याच दिवशी घरी. नंतर पट्टी, रात्री बोटं सरळ धरून ठेवणारा साचा, आणि माझ्याकडे व्यायाम. काही आठवडे वाजवायचं नाही.

"माझ्या वडिलांचा हात कापला होता," डर्मट म्हणाला. "जुन्या पद्धतीनं. नंतर त्यांना चमचा धरता येत नव्हता."

"ती पद्धत आता नाही."

"ते वडिलांनाही असंच काहीतरी म्हणाले होते."

मग त्यानं खरी अडचण सांगितली. ईदनंतर हॉटेल करार वाढवायचा की नाही ते ठरवणार होतं. मॅनेजरनं त्याला बाजूला घेऊन सुचवून ठेवलं होतं की एकटा गाणारा आणि सोबतीला यंत्र असं आता बरीच हॉटेलं करतात. कॉलमला यातलं काही माहीत नव्हतं. हाताचंही माहीत नव्हतं. "त्याला सांगितलं तर तो म्हणेल, चल, बंद करू, घरी जाऊ," डर्मट म्हणाला. "आणि घरी तो काय करेल? त्याला गाण्याशिवाय काही येत नाही. मी म्हणजे त्याचा बाजा आहे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर बोट पोचेल तोवर पोचेल."

हे ऐकून मी किती वैतागले ते सांगता येणार नाही. पण अशी माणसं मी रोज बघते. इथे आम्ही सगळेच करारावर जगतो. शुऐबाच्या कारखान्यातला वेल्डर मनगट सुजलेलं असताना बाही खाली ओढून येतो, नर्स कंबर धरून रात्रपाळ्या करते. इकामा नवा व्हायचा असतो तोवर कुणाला काही दुखत नसतं. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, पण आमच्याकडे तो सगळ्यांत मोठा वेदनाशामक आहे.

डर्मट खांद्यासाठी येत राहिला. मी खांदा फिरवायची आणि तो बोलायचा. त्यातून मला त्यांची सगळी कारकीर्द कळली, न विचारता. गावच्या चर्चच्या हॉलमध्ये सुरुवात झाली. कॉलम दूध डेअरीत कामाला होता, डर्मट शाळेची बस चालवायचा. लग्नं, बारशी, मयतं. आयर्लंडमध्ये मयतालाही गातात म्हणे, आणि मयताला लोक जास्त मनापासून ऐकतात. मग एक कॅसेट निघाली आणि ती पेट्रोल पंपांवर विकली गेली, ट्रकवाल्यांनी ती झिजवली. ती हिरवी जाकिटं तेव्हाची; एकदा टीव्हीवर सकाळच्या कार्यक्रमात बोलावलं होतं, त्यासाठी कॉलमच्या बहिणीनं शिवली. मग समुद्रकाठची हॉटेलं, बस भरभरून येणारी म्हातारी मंडळी, मग ती म्हातारी मंडळी कमी कमी होत गेली, मग प्रवासी जहाजं, मग आखात. कॅसेटवर 'लोकगीतं आणि ईझी लिसनिंग' असं छापलं होतं, हे त्यानं जरा अभिमानानं सांगितलं.

"ईझी लिसनिंग म्हणजे ऐकायला सोपं?" मी विचारलं.

"तेच."

"म्हणजे न ऐकलं तरी चालतं?"

तो इतका हसला की मला त्याचा खांदा सोडून द्यावा लागला. हसू थांबल्यावर म्हणाला, "हे आम्हाला आजवर कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं."

एक गोष्ट मात्र तो पुन्हा पुन्हा सांगायचा. इतक्या वर्षांत त्याच्यात आणि कॉलममध्ये एक वाकडा शब्द नाही. भांडण नाही, वाद नाही, काही नाही. मला तेव्हाच शंका आली. कुठेच दुखत नाही म्हणणारा पेशंट आला की मी जास्त काळजीपूर्वक दाबून बघते.

कॉलम त्याला आणायला-सोडायला यायचा. उंच, बारीक, मफलर गुंडाळलेला, कुवेतमध्ये मफलर! गळा जपायला हवा म्हणायचा. बाहेरच्या खुर्चीवर बसून तो मला खांद्याबद्दल दहा प्रश्न विचारायचा. शेक द्यायचा का, उशी कशी घ्यायची, थंडीत जास्त होतं का. हाताबद्दल एक शब्द नाही. इतकं सगळं विचारणारा माणूस एवढंच सोडून विचारतो, तेव्हा ते सोडणं साधं नसतं. पण पेशंटचं गुपित मला फोडता येत नाही, आणि मलाही तोंड दाबून धरायचा कंटाळा आला होता.

त्याच सुमारास प्रकाश कुणाच्यातरी घरी जेवताना सहज बोलून गेला की त्याला भेंडी आवडत नाही. मी घास हातात धरून बघत राहिले. लग्न झाल्यापासून मी त्याला डब्यात भेंडी देतेय.

"मग बोलला का नाहीस?" गाडीत मी विचारलं.

"तू इतक्या सकाळी उठून करतेस."

"अरे, मग दुसरं काहीतरी इतक्याच सकाळी उठून केलं असतं की!"

त्यानं रेडिओ मोठा केला. दुसऱ्याला दुखवायचं नाही या एका कारणाखाली माणसं एकमेकांना किती वर्षं नावडतं खायला घालतात, याचा हिशोब नाही. हे प्रेम असेल तर असो. मला तो आळस वाटतो.

पाडवा रमजानात आला की आमचं मंडळ तो ईद झाल्यावर शुक्रवारी करतं. मंगफमधल्या एका शाळेचा हॉल, दारात गुढी, आत श्रीखंडाचे डबे, आणि त्या वर्षी पुण्याहून एक गायिका येणार म्हणून महिनाभर गाजावाजा. त्या दुपारी सरायातनी आपला इंगा दाखवला. समोरची इमारत दिसेना. संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षांचा, शिरोडकरांचा फोन आला. शिरोडकर बँकेत हिशोबनीस आहेत आणि पेटी वाजवतात. बँकेपेक्षा पेटीवर जास्त जीव.

"माधुरीताई, विमान सौदीत दम्मामला उतरवलंय. बाई तिथेच बसल्यायत. इकडे हॉल भरलाय. आता मी काय, बातम्या वाचून दाखवू?"

"मग मी काय करू?"

"तुमचे ते कॉलम-बीम मोकळे आहेत का?"

"अहो, ते आयरिश आहेत. आपला पाडवा आहे!"

"ताई, सूर आहेत ना? बास झालं."

ते आले. जाकिटं घालून, बुटांवर धूळ, कॉलमच्या गळ्यात मफलर. कुणीतरी त्यांना गंध लावलं. मला डर्मटची काळजी वाटत होती, पण तो म्हणाला, "दोनच तर गाणी. आणि ऐकणार कोण?"

इथे त्याची चूक झाली. ते हॉटेल नव्हतं. आपली माणसं गाणं ऐकायला बसली की हाताची घडी घालून बसतात, तोंडी परीक्षा घ्यायला आल्यासारखी. पोरं गप्प केली जातात. चहा नंतर. कॉलमनं समुद्रावर गेलेल्या कुणाची तरी वाट बघण्याचं एक संथ जुनं गाणं सुरू केलं आणि हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचासुद्धा आवाज येईना. दोघं बावरलेले मला दिसत होते. इतकं कुणी ऐकत असेल याची त्यांना सवयच नव्हती.

मग कॉलम थांबला आणि अकॉर्डियन एकटी वाजू लागली. एका वरच्या सुराला डर्मटची करंगळी पुरायची नाही. मी बघत होते. तो आख्खा हात उचलून सरकवायचा, मधल्या पट्टीला ओझरता स्पर्श व्हायचा, आणि हवा तो सूर किंचित उशिरा यायचा. माझ्या लेखी ते वाकलेल्या बोटाचं लंगडणं होतं. पहिल्या रांगेत शिरोडकर मात्र मांडीवर थाप मारून ओरडले, "वा! काय जागा घेतलीय!"

जागा म्हणजे गाणाऱ्यानं चालीत आपल्या मनानं केलेली एखादी नाजूक करामत; एवढं मिरजेच्या पाण्यावर मलाही माहीत आहे. मागून कुणीतरी "क्या बात है" म्हणालं. गाणं संपलं आणि आख्खा हॉल एका आवाजात ओरडला, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

वन्स मोअर हा इंग्रजी शब्द आहे असं समजणारे जगात आपणच. संगीत नाटकांच्या काळापासून आपण तो इतक्या हक्कानं ओरडतोय की इंग्रजांना त्याचा पत्ता नाही, हे आपल्या गावीही नसतं. समोरच्या दोघांनी त्याचा सरळ अर्थ घेतला. पुन्हा एकदा करा. म्हणजे नीट झालं नाही, परत करून दाखवा.

डर्मटचा चेहरा उतरला. कॉलमनं लगेच माईक तोंडाशी धरला. "माफ करा, चूक माझी. मी घाई केली."

लोकांना वाटलं, किती विनयशील माणूस! टाळ्या वाढल्या. त्यांनी परत केलं, आणखी संथ. परत तीच जागा. शिरोडकर आता उभेच राहिले. "वन्स मोअर!" तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा डर्मटच्या कपाळावरून घामाची धार आली होती. त्या सुराशी येऊन, तो अर्धवट वाजवून, तो थांबला. पट्टे काढले, अकॉर्डियन खुर्चीवर ठेवली आणि उजवा हात वर केला.

"चूक त्याची नाही," तो म्हणाला. "माझं बोट पोचत नाही. बघा. सगळीकडे खपून गेलं. तुम्ही पहिल्यांदा पकडलंत."

 मागच्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला, "अगं बाई, हात बघ त्यांचा."

मग मला उठावं लागलं. साडीत, त्या उंच पायऱ्या चढून, माईक हातात घेऊन दोन भाषांत सांगावं लागलं, की बाबांनो, वन्स मोअर म्हणजे आवडलं. फार आवडलं. आणि मंडळी, यांना वाटतंय की तुम्ही यांना नापास केलंत. हॉलमध्ये आधी हशा झाला, मग हळहळ, मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

"आवडलं?" डर्मटनं मला विचारलं. "ती चूक आवडली?"

"त्यांना ती चूक वाटली नाही. तुम्ही मुद्दाम केलंत असं वाटलं."

दुसरा कुणी असता तर सुखावला असता. हा लाल झाला. टाळ्या चालूच होत्या आणि तो कॉलमकडे वळून म्हणाला, "तुला माहीत होतं. नाहीतर इतक्या पटकन चूक अंगावर घेतली नसतीस."

विंगेमागे, श्रीखंडाचे डबे रचून ठेवले होते तिथे, बाकीचं झालं.

"दोन हिवाळे झाले," कॉलम म्हणाला. "म्हणून तर सगळी गाणी संथ केली."

"मला वाटलं तुझा दम कमी झाला! तुला जड जाऊ नये म्हणून मी संथ वाजवत होतो!"

"माझा दम? माझा दम उत्तम आहे."

"आणि सांगितलं नाहीस. दोन हिवाळे लंगड्याला धरून चालवावं तसं मला चालवलंस."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

 अकॉर्डियनची पेटी डाव्या हातानं उचलून डर्मट निघून गेला. कॉलम मागे धावेल असं मला वाटलं. तो डब्यांकडे बघत उभा राहिला. मग त्यानं वेगळी टॅक्सी बोलावली. एकाच फ्लॅटवर जायचं होतं दोघांना! दोघांच्याही कानशिलात एकेक द्यावी असं माझ्या हाताला वाटत होतं.

घरी जाताना आमची सई, आमची मुलगी, मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, नोबडी सेज वन्स मोअर. इट्स सो एम्बॅरसिंग."

"मग काय म्हणतात?"

"आय डोन्ट नो. दे जस्ट क्लॅप."

नुसत्या टाळ्या वाजवल्या असत्या तर बरं झालं असतं का, याचा मी त्या रात्री बराच विचार केला. आणि मला वाटलं, नाही. बोट मिटतच गेलं असतं, गाणी संथ होत होत एक दिवस थांबली असती, आणि दोघांनीही एकमेकांचे आभार मानले असते.

पुढच्या आठवड्यात डर्मटचा फोन आला. "ती सुई. माझं मन बदलायच्या आत करून टाका." कॉलमशी बोललात का म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, त्या दिवसापासून दोघं स्वयंपाकघरात आळीपाळीनं जातात.

ठरलेल्या दिवशी तो एकटा आला. सर्जननी हात बधिर केला, सुई फिरवली, आणि बोटं ताणली तेव्हा कापड फाटावं तसा बारीक आवाज झाला. डर्मटनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. उघडले तेव्हा करंगळी सरळ होती. तो तिच्याकडे इतका वेळ बघत राहिला की मला पट्टी बांधायला घाई करावी लागली. मग अडचण आली. सोबत कुणी असल्याशिवाय अशा पेशंटला सोडत नाहीत. आणि बाहेर पुन्हा धुळीचा लोट उठलेला.

"कुणाला बोलावू?"

"टॅक्सीनं जाईन."

"नियम आहे."

"मग इथेच बसतो."

बसला. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा तोंड वळवून. माझे बाहेर पेशंट खोळंबले होते. मीच कॉलमला फोन लावला.

"त्यानं बोलवलंय?" कॉलमनं विचारलं.

"नाही. मी बोलवतेय. मला ही खुर्ची मोकळी करून हवी आहे."

 मग तो म्हणाला, "सकाळी हॉटेलचं उत्तर आलं. नको म्हणाले. दोघंही नकोत, एकटा मीही नको. महिनाअखेर शेवट. त्याला सांगू नका. मी सांगेन."

सांगेन म्हणाला! या माणसाच्या तोंडून एवढं ऐकून मला जरा बरं वाटलं. ते किती टिकेल याची मात्र शंका होती.

तो आला तेव्हा भुवयांपर्यंत मातकट झाला होता. मफलर नाकावर बांधलेला. डर्मटच्या समोर उभा राहिला, मफलर खाली ओढला आणि एका दमात बोलला. "हॉटेल नाही म्हणालं. दोघांनाही. मग हे आता कशासाठी करून घेतलंस?"

मी फाईल बघायचं नाटक करत होते. माझ्या मनात आलं, झालं, आता हे दोघं वेगवेगळ्या विमानांनी घरी जाणार, आणि ही सरळ केलेली बोटं बस चालवणार.

 डर्मट वर न बघता म्हणाला, "मंडळात दुसऱ्या कडव्यात तू सुराच्या खाली होतास."

"काय?"

"खाली. तिन्ही वेळा. पूर्वी तू खाली आलास की मी तिथे जरा जोरानं वाजवून झाकून घ्यायचो. आता बोट पोचत नव्हतं, म्हणून झाकता आलं नाही. म्हणून करून घेतलं."

कॉलम शेजारच्या खुर्चीवर बसला. "पूर्वी म्हणजे कधीपासून?"

"कॅसेटच्या आधीपासून."

"कॅसेटच्या आधी!" कॉलमचा आवाज चढला. "आणि आज सांगतोस?"

"तू विचारलंस का कधी?"

"ठीक आहे. मग मीही सांगतो. तुझा डावा हात फार जड आहे. पहिल्यापासून. माझ्या बहिणीच्या लग्नात लोकांना माझा एक शब्द ऐकू आला नव्हता."

"तुझ्या बहिणीच्या लग्नात तू शब्द विसरला होतास!"

"एक ओळ!"

"अर्धं गाणं!"

कॉलमनं बोलता बोलता वाकून डर्मटच्या सुटलेल्या बुटाची नाडी बांधली, त्याचं जाकीट त्याच्या खांद्यावर टाकलं आणि त्याला कोपराला धरून उठवला. रात्री साचा घालायचा, हात उंच ठेवायचा, आठवड्यानं परत यायचं, असं मी मागून ओरडत होते. दोघांनीही ऐकलं नाही. कॉरिडॉरभर त्यांचे आवाज घुमत होते. एका म्हाताऱ्या कुवेती आजोबांनी दार उघडून बघितलं. लिफ्टचं दार लागलं तरी आतून कॉलम कोणत्यातरी जुन्या नाताळाबद्दल काहीतरी ओरडत होता, आणि डर्मट त्याहून मोठ्यानं.

आमची केरळची शायनी सिस्टर ट्रे घेऊन धावत आली. "मॅडम, झगडा हो रहा है क्या? सिक्युरिटी को बुलाऊँ?"

"नहीं," मी म्हटलं. "प्रॅक्टिस चल रही है. अगले पेशंट को भेजो."